तुम्ही विचारलंत म्हणून: दोरी केवढी आणायची?

फोन बहुधा रविवारी येतो. पलीकडे कुणाची तरी आई असते. ठाण्याची, नाशिकची, एकदा तर न्यू जर्सीची. आधी ग्लासगोच्या पावसाची विचारपूस होते, मग मुद्दा निघतो. "आमच्या मुलीचं तिकडच्या मुलाशी ठरलंय. दोघं म्हणतायत, केल्टिक पद्धतीनं हात बांधून लग्न करायचं आणि आपलंही काहीतरी ठेवायचं. ते हात बांधणं म्हणजे नक्की काय हो? आणि आपलं त्यात काय बसतं?"

मी भटजी नाही, आणि इथं लग्नं लावतात तशी सेलिब्रंटही नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचं लग्न स्कॉटलंडच्या आर्गाइल भागात, लॉख फाइन या खाडीच्या काठी झालं. तेव्हा काय चाललंय ते दोन्हीकडच्या पाहुण्यांना दोन्ही भाषांत सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून माझा नंबर कोण कुणाला देतं देव जाणे. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

सगळ्यात आधी मुलगा कुठला ते विचारा. 'केल्टिक' म्हणजे आपल्याकडे 'साउथ इंडियन' म्हणतात तसलं प्रकरण आहे: आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, सगळे एकाच शब्दात. दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट अशी ती क्लाडा अंगठी आयर्लंडची, गॉलवेजवळच्या कोळ्यांच्या वस्तीतली. वेल्समध्ये मुलगा मुलीसाठी लाकडाचा चमचा कोरायचा. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात १६६७ साल कोरलेला असा एक चमचा ठेवलेला आहे. वेल्सच्या जावयाला कौतुकानं क्लाडा अंगठी घालणं म्हणजे नागपूरच्या व्याह्यांना 'खास तुमच्याकडची पद्धत' म्हणून सोलकढी वाढणं. ते बिचारे पितील, पण घरी जाऊन बोलतील.

आता हात बांधणं, म्हणजे हँडफास्टिंग. इंटरनेटवर वाचाल तर दोन हजार वर्षांपूर्वीचे केल्ट लोक जोडप्याचे हात फितीनं बांधत, ती दोघं एक वर्ष आणि एक दिवस एकत्र राहत, पटलं तर लग्न, नाही पटलं तर आपापली वाट. गोष्ट मस्त आहे. पण मुळात तो शब्द केल्टिक नाही, नॉर्स आहे. हातावर हात देऊन बोलणी पक्की करणं असा त्याचा अर्थ. जुन्या स्कॉटलंडात लग्न ठरवण्याला, आपल्या साखरपुड्यासारख्या वचनाला तो वापरत. वर्षभराच्या बोलीची गोष्ट थॉमस पेनंट या प्रवाशानं १७७२ च्या दौऱ्यानंतर लिहिली: एस्कडेलमध्ये काळी एस्क आणि पांढरी एस्क या नद्या मिळतात तिथं जत्रा भरायची आणि तरुण पोरंपोरी तिथं जोडीदार निवडायची. १८२० साली वॉल्टर स्कॉटनं ती कादंबरीत घेतली आणि मग ती सगळ्यांचीच झाली. १९५८ मध्ये ए. ई. अँटन या अभ्यासकानं पुरावे तपासले, तर अशा चाचणी-लग्नाला धड आधार सापडेना. आणि फीत? ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव-पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्म नव्यानं मानणाऱ्या मंडळींनी रुळवली, पुढे १९९५ च्या एका हॉलिवूडपटानं घरोघरी पोचवली.

खरोखर जुनं हवं असेल तर स्कॉटलंडात वेगळंच आहे. १ जुलै १९४० पर्यंत इथं दोघांनी साक्षीदारांसमोर 'आम्ही नवरा-बायको' एवढं म्हटलं तरी कायद्यानं लग्न लागत असे. ना पाद्री लागायचा, ना चर्च. इंग्लंडनं १७५३ च्या कायद्यानं नियम कडक केल्यावर तिकडची पळून आलेली जोडपी सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनला यायची ती यासाठीच, आणि ऐरणीवर हातोडा मारून त्यांचं लग्न लावलं जायचं.

हे सगळं मी भाचीला लग्नाच्या महिनाभर आधी मोठ्या उत्साहानं ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, आजी प्रत्येक लग्नात उखाणा घ्यायला लावते. तो कुठल्या गृह्यसूत्रात आहे?"

मी गप्प बसले. तिनं सेलिब्रंटबाईंना एवढंच सांगितलं की 'प्राचीन' हा शब्द वापरायचा नाही. त्यामुळे प्रत्यक्ष लग्नात बाई म्हणाल्या, "हात बांधायची ही रीत फार जुनी नाही. पण या दोरीतलं कापड साठ वर्षांचं आहे, आणि ते जिचं आहे ती पहिल्या रांगेत बसली आहे." आई तेव्हा ओठ घट्ट मिटून समोरच्या पाण्याकडे बघत होती. माझ्याच्यानं पुढचं मराठी काही बोलवेना.

ती दोरी आम्ही घरी वळली होती. आईच्या इरकली लुगड्याचा काठ, मुलाच्या आजोबांच्या किल्टच्या टार्टनची, म्हणजे चौकड्यांच्या लोकरी कापडाची पट्टी आणि साधं सूत, अशी तिपेडी वेणी. टार्टनबद्दलही ऐकून ठेवा: घराण्यागणिक वेगळा टार्टन ही शिस्त एकोणिसाव्या शतकातली, १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हाच्या थाटामाटानं जोर धरलेली. पण ती पट्टी आजोबांनी स्वतः कापून दिली होती, त्यामुळे यावर मी तोंड उघडलं नाही. शिकते मीही.

गाठीची करामत अशी. दोघांनी उजवे हात एकमेकांत द्यायचे, दोरी वरून टाकून दोन्ही बाजूंना लोंबती ठेवायची. मग प्रत्येकानं दोरीचं एकेक टोक बोटांत पकडायचं आणि हात सावकाश मागे ओढायचे. हात सुटतात आणि दोरीत गाठ उरते. आम्ही स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायच्या दोरीवर तालीम केली होती आणि ती झकास झाली होती. लग्नात मात्र सेलिब्रंटबाईंनी जास्त शोभेसाठी दोन वेढे जादा दिले, वरून आर्गाइलचा तो बारीक, न दिसणारा पाऊस. लोकर आणि सूत भिजून फुगलं. भाचीचा हात निघाला, जावयाचा पंजा अडकला. नोंदणीच्या कागदावर सही व्हायची होती. कुणीतरी कात्री आणली, तर आई ओरडली, "गाठ कापायची नाही!" भाषांतराची गरज पडली नाही. शेवटी त्याच्या आत्यानं चहाच्या टेबलावरचं स्कोनसाठी ठेवलेलं लोणी आणून मनगटाला चोपडलं.

म्हणून दोरी अडीच-तीन मीटर घ्या, तालीम त्याच दोरीवर करा आणि वेढा एकच द्या. नुसतं रेशीम घेतलंत तर गाठ बसत नाही, सुळकन सुटते.

'आपलं काय बसतं' हा खरा अवघड प्रश्न, कारण आपलं म्हणाल तेवढं आहे. शालू-उपरण्याची गाठ आहे, सूत्रवेष्टन आहे, हळकुंड बांधलेलं कंकण आहे, पाणिग्रहण तर नावातच हात घेऊन बसलंय. पुष्कळांना इथं थांबून 'बघा, केल्ट आणि आपण मूळचे एकच' असं काहीतरी सिद्ध करावंसं वाटतं. व्हॉट्सॲपवर ते फिरतंही. माझं म्हणणं, लग्नाला निघालेली माणसं हात धरणार नाहीत तर काय धरणार? सारखेपणा दिसला की तो दोनदा करू नका, एवढाच त्याचा उपयोग. आमच्याकडे दोरी होती म्हणून बाकीच्या गाठी वगळल्या.

कन्यादानही वगळलं. भाचीनं ठाम सांगितलं होतं. ताईला पटलं, भाऊजींना लागलं. ते बोलले काहीच नाहीत, फक्त "मग मी नुसता उभा राहू का?" असं एकदा जेवताना म्हणाले, आणि आमटी वाढून घेतली.

त्यांना काम मिळालं ते एका दगडामुळे. स्कॉटलंडात जोडप्यानं दगडावर हात ठेवून वचन द्यायचं अशी रीत हल्ली लग्नांत करतात, बहुतेक जण जवळच्या किनाऱ्यावरचा गोटा उचलतात. आपल्याकडे अश्मारोहण आहे. वधूनं दगडावर पाऊल ठेवायचं आणि तिला सांगायचं, 'अश्मेव त्वं स्थिरा भव', दगडासारखी स्थिर हो. घरोघरी त्याला सहाण घेतात. भाचीला त्यात एकच खटकत होतं, की स्थिर तिनंच का व्हायचं. मग ठरलं की सहाण आपली आणि हात दोघांचे. भाऊजींनी साताऱ्याहून आईची सहाण आणली, पंच्यात गुंडाळून, सामानाच्या वजनात बसावी म्हणून स्वतःचे बूट काढून ठेवून. मुंबईच्या विमानतळावर त्यांना बॅग उघडायला लावली. "पत्थर है" म्हणाल्यावर तिथल्या पोरानं त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ते सांगताना भाऊजी अजून हसतात. लग्नात सहाण दोन्ही हातांत धरून ते उभे राहिले, दोघांनी तिच्यावर तळवे ठेवले आणि आपापली वचनं म्हटली. सात-आठ मिनिटं. मध्ये कुणी टेबल पुढे केलं, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

मुली आणि मुलं परस्परांना वचन देतात हे आपल्याला परकं आहे असंही समजू नका. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ ला भटजीशिवाय लावलं, आणि फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू-वर एकमेकांशी बोलतात. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचे पुरोहित, त्यात बायकाही आल्या, प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगत लग्न लावतात. काकू लोकांना पटवायला हे दोन दाखले माझ्या फार उपयोगी पडलेत.

बाकी पटापट. सप्तपदी ठेवा आणि प्रदक्षिणाही: सूर्य फिरतो त्या दिशेनं, उजवीकडून फिरणं इथल्या बेटांवरही शुभ मानत, गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत त्याला जेशल म्हणतात आणि मार्टिन मार्टिन या लेखकानं १७०३ च्या पुस्तकात त्याचं वर्णन केलंय. क्वेख नावाचा दोन कानांचा पेला असतो, दोघांनी एकातून प्यायचं. व्हिस्की चालत नसेल तर पन्हं घाला, आम्ही तेच केलं. अबर्डीनकडे लग्नाआधी मित्रमंडळी नवरा-नवरीला पकडून काकवी, काजळी आणि पिसं फासतात आणि ट्रकवर बसवून भांडी बडवत गावभर फिरवतात. ताईला व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "यांची हळद बरीच अवघड दिसते." रंगीत वाळू एका बरणीत ओतायचा प्रकारही हल्ली सुचवतात. मला तो कधी भावला नाही. घरातल्या कुणाचाच हात त्या वाळूला लागलेला नसतो.

आणि जावयाकडून उखाणा जरूर घ्या. आमच्याकडे त्यानं तीन आठवडे पाठ केला होता: 'डोंगरावर धुकं, लॉखवर पाऊस, —चं नाव घेतो, भाकरीची मला हौस.' 'हौस' म्हणताना त्याचा 'हाउस' झाला. अर्थ तरीही बसला.

कायद्याचं विसरू नका. स्कॉटलंडात लग्नाला जागेचं बंधन नाही, लावणारा माणूस अधिकृत लागतो. त्यामुळे डोंगरावर, किनाऱ्यावर कुठंही चालतं, आणि २००५ पासून ह्युमनिस्ट, म्हणजे देवाधर्माशिवाय लग्न लावणाऱ्या सेलिब्रंटनं लावलेलं लग्नही कायदेशीर आहे. इंग्लंडमध्ये हिशेब वेगळा. स्कॉटलंडात दोघांनी आपापला एम-टेन, म्हणजे लग्नाच्या सूचनेचा फॉर्म किमान २९ दिवस आधी द्यायचा. सोळा वर्षं पूर्ण झालेले दोन साक्षीदार हवेत. नुसतं स्वतःच्या लग्नापुरतं भारतातून येणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा असतो, तो आधी बघा. आणि तारीख जून ते ऑगस्टमधली, जागा पश्चिम किनाऱ्यावरची असेल तर मिजेस नावाच्या चिलटांसाठी औषध न्या. फोटोत सगळे एकाच बाजूला मान झटकताना दिसतात.

सहाण साताऱ्याला परत गेली नाही. "राहू दे पोरीकडे" म्हणून आई ती ठेवून गेली. मागच्या महिन्यात भाचीच्या फ्लॅटवर गेले होते. तिसऱ्या मजल्यावर वारा फार, स्वयंपाकघराचं दार सारखं आपटतं, म्हणून जावयानं सहाण दाराला लावून ठेवलीय. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.