टॉवेलवरची घड्याळं आणि गोलातला 'टी'

आमच्या भेटीचा नियम एकच: टेबलावर जाड टॉवेल अंथरायचा. शिवाय हातातल्या अंगठ्या काढून ठेवायच्या. आणि दुसऱ्याचं घड्याळ विचारूनच उचलायचं, तेही टॉवेलच्या वरच. म्हणजे तीन झाले, असू देत.

या वेळी आम्ही आठजण होतो आणि घड्याळं तेवीस. सगळी जुनी, लष्करी, किल्लीची. मी एकच नेलं होतं, तेही शेवटपर्यंत नेऊ की नको करत.

माझं ओमेगा १९४५ चं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने बारा स्विस कंपन्यांकडून एकाच नमुन्याची मनगटी घड्याळं करून घेतली, त्यांतलं. काळी तबकडी, सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी, अंधारात चमकणाऱ्या खुणा आणि सरकारी मालाचा बाण. मागच्या झाकणावर तीन डब्ल्यू: वॉच, रिस्टलेट, वॉटरप्रूफ. आमच्यात या बारांना 'डर्टी डझन' म्हणतात. बारापैकी ग्राना सगळ्यांत दुर्मीळ. ती अजून आमच्या टॉवेलवर आलेली नाही.

मला हे ओमेगा 'पूर्ण अस्सल' म्हणून विकलं होतं. घरी आणून भिंग लावलं तर तबकडीवर गोलात बारीक 'टी'. टी म्हणजे ट्रिटियम. खुणा चमकाव्यात म्हणून रंगात किरणोत्सारी पदार्थ घालायचे, त्यांतला हा नंतरचा. आणि १९४५ ची घड्याळं तर रेडियमची! तबकडी बदललेली आहे हे कळायला मला दोन रात्री लागल्या आणि पचायला बरेच महिने. तेव्हापासून ते डबीतच होतं.

भेटीत एक काका येतात, ते गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, घेऊनच. घड्याळांवरून तो सावकाश फिरवत नेतात. रेकॉर्ड या कंपनीच्या एका घड्याळावर गेला आणि पत्र्यावर पाऊस पडावा तसा तडतडायला लागला. गंमत म्हणजे ते घड्याळ अंधारात अजिबात चमकत नाही. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं, ते काही संपलेलं नाही. पण त्याच्या माऱ्याने सोबतचं झिंक सल्फाइड, म्हणजे प्रत्यक्ष चमकणारा पदार्थ, केव्हाच निकामी झालंय. म्हणून असल्या घड्याळाचं झाकण घरी उघडू नये, तो रंग भुगा होऊन हाताला लागतो. काका हे प्रत्येक भेटीत सांगतात आणि आम्ही प्रत्येक वेळी मान डोलावतो.

माझ्या ओमेगावर काउंटर आला आणि गप्प. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे की काचही ओलांडत नाहीत. आता सगळ्यांना कळलं, असं मनात म्हणत मी घड्याळ उचलायला हात पुढे केला.

"थांब रे," काका म्हणाले. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "ही तबकडी बदलणारं लष्करच आहे."

साठच्या दशकात ब्रिटिश लष्कराने वापरातल्या बऱ्याच घड्याळांच्या रेडियमच्या तबकड्या काढून ट्रिटियमच्या बसवल्या. बाणही तेव्हाच्या छपाईचा, आणि काटे तबकडीबरोबरच आलेले. म्हणजे युद्ध संपल्यावर वीसेक वर्षांनीही हे घड्याळ नोकरीतच होतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य जेमतेम १२.३ वर्षं, साठ वर्षांत तीन टक्क्यांच्या आसपास उरलेलं असणार. म्हणून तेही चमकत नाही.

लगेच शेजारी त्यांनी एक सायमा (हीही त्या बारांतली कंपनी) ठेवली. सुरेख, काळीभोर, ओरखडा नाही. मी आल्यापासून तिच्याकडेच बघत होतो. "आता हिची मिनिटांची रेघ बघ." भिंगातून बघितलं तर रेघा कुठे जाड कुठे बारीक, आणि काट्यांच्या भोकाच्या कडेवर रंग ओघळून वाळलेला. अलीकडे कुणीतरी बसून रंगवलेली. सायमाचा मालक मोकळेपणाने हसला. त्याला माहीत होतं म्हणे, स्वस्तात मिळाली होती.

एकाने जर्मन वैमानिकांचं निरीक्षण-घड्याळ आणलं होतं. ५५ मिलिमीटर! जाकिटाच्या बाहीवरून बांधायचं असायचं ते. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. मला ते मनगटावर बांधलेलं गजराचं घड्याळच वाटतं. दोन मिनिटं बघितलं, बास.

त्यापेक्षा पट्ट्याच्या गप्पा रंगल्या. या घड्याळांच्या पट्ट्याच्या दांड्या पक्क्या बसवलेल्या असतात, निघत नाहीत. पहिल्यांदा मी पिन काढायचं हत्यार घेऊन अर्धा तास झटलो होतो, हे कबूल केलं. तिघांनी हात वर केले, "आम्हीपण."

निघताना सगळ्यांनी एकदम वेळ लावायची असते. काका आकडे मोजतात. ए-११ या अमेरिकन लष्करी घड्याळाची किल्ली ओढली की सेकंदकाटा जागीच थांबतो, स्मिथ्स कंपनीच्या डब्ल्यू-१० या ब्रिटिश लष्करी घड्याळाचाही. माझं आपलं चालूच. काकांनी ते हातात घेतलं, किल्ली ओढली आणि काटे मागे नेतोय अशा बेताने अगदी हलकेच उलटा दाब दिला. सेकंदकाटा अडखळला आणि थांबला. "जोर नाही लावायचा. नुसतं सांगायचं त्याला."

आज सकाळी मिळवून बघितलं: वीस तासांत चौदा सेकंद पुढे. वहीत लिहून ठेवलं. त्याच पानावर वर, दोन वर्षांपूर्वीच्या अक्षरात, 'फसलो' असं लिहिलेलं आहे. ते खोडलं नाही. फसलो तर होतोच. विकणाऱ्याला तरी यातलं काय ठाऊक होतं?