पोरगं आळशी नाही हो!

आज राजारामपुरीतल्या वाचनवर्गात तिसरीतला एक पोरगा 'किल्ला' शब्दावर अडला. पन्हाळ्याच्या गोष्टी तोंडी विचारा, तासभर सांगेल! पण पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चार होतो नंतर. वर 'घ-ध', 'भ-म' सारखेच दिसणारे. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला-लिहायला अडचण, असलेल्या लेकराला हे किती जड जात असेल. मग शब्द फोडला, परातीतल्या रव्यात बोटानं गिरवला, मोठ्यानं म्हटला. जमलं की त्याला!

आईला म्हटलं, "ताई, पोरगं आळशी नाही हो. रीतसर तपासणी करून घ्या." २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही आहे, प्रमाणपत्र असलं की बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ मिळतो, हेही सांगितलं.

आता रफार घ्यायचाय. 'सूर्य', 'पर्वत' हे शब्द अशा मुलांना तुम्ही कसे शिकवता? अनुभवी शिक्षकांनी जरूर लिहा.