कपाळाला पट्टा, उशाशी वही

नैराश्याच्या गोळ्या चालू होत्याच. मन बरंचसं सावरलं, पण झोप काही रुळावर येईना. रात्री डोळा लागायचा आणि तीनच्या सुमारास टक्क जाग. मग बडोद्याच्या दांडिया बाजारात रिक्षांची फटफट सुरू होईपर्यंत माळ्याच्या तुळया बघत पडून राहायचं. डॉक्टर म्हणाले, अशी पहाटेची जाग हे आजाराचंच लक्षण. ती तशीच राहिली तर आजार उलटण्याची भीती असते. त्यांनी टीडीसीएस सुचवलं, म्हणजे डोक्याच्या बाहेरून मेंदूला अगदी सौम्य वीज देण्याचा उपचार. घरीच, कपाळाला पट्टा लावून अर्धा तास हलका करंट. त्याआधी फिट्स, पेसमेकर, डोक्यात धातू, कधी मन अवाजवी उधाणलं होतं का, हे सगळं विचारून घेतलं.

सासूबाई धास्तावल्या. "अगं, शॉक घेणार तू?" त्यांना समजावलं, शॉक म्हणजे ईसीटी. त्यात भूल देतात, मुद्दाम फिट आणतात, करंट शेकडो मिलिअँपिअर. इथे अवघे २. मेंदूतल्या पेशी थोड्या सहज जाग्या व्हाव्यात, एवढाच हेतू.

खरी कसरत स्पंजांची. सलाईनमध्ये भिजवायचे, जास्त भिजले तर पाणी डोळ्यात, कमी भिजले तर चरचरतं. त्यात माझी रोज खोबरेल थापायची सवय! तेलकट केसांवर स्पंज टेकेना, यंत्राचं ॲप कुरकुरायचं. शेवटी तेल फक्त सुटीच्या दिवशी. सुरुवातीला मुंग्या येतात, मग विसरायला होतं. पट्टा काढल्यावर कपाळावर दोन लाल चकत्या. हे म्हणाले, "उन्हात फिरून आलीस का?"

भाच्याने वाचायला पाठवलं. २०२४ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये १७४ जणांवरचा घरगुती टीडीसीएसचा अभ्यास आला. दहा आठवड्यांनी खरं यंत्र लावणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के आजारातून बाहेर आले, तुलनेसाठी खोटं, नुसतं दिखाव्याचं यंत्र लावणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के. खोट्यातही सुरुवातीला थोडा करंट सोडतात, म्हणजे मुंग्या येतात आणि माणसाला कळत नाही. पण २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या जर्मनीतल्या अभ्यासात, दवाखान्यात गोळ्यांच्या जोडीला टीडीसीएस देऊन खोट्यापेक्षा जास्त फायदा दिसला नव्हता. मी गोळ्यांवालीच, तेव्हा मला हा दुसरा जास्त जवळचा वाटला.

आता मी पाचपर्यंत झोपते. पण यंत्राबरोबर डॉक्टरांनी उशाशी वहीही ठेवायला लावली होती: कधी आडवी झाले, कधी जाग आली. दुपारची झोप बंद, रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच, उठल्यावर कमाटीबागेत उजेडात फेरी. दुपारची झोप सोडणं मला पट्ट्यापेक्षा जड गेलं. त्यामुळे गुण यंत्राचा की त्या शिस्तीचा, मला सांगता येत नाही. माझा कौल निम्मा शिस्तीलाच.

गोळीचं काय ते डॉक्टर पुढच्या खेपेला वही बघून ठरवणार. आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी माझ्याआधी ह्यांना बजावलं, कारण यंत्राचं भाडं ऐकल्याबरोबर ह्यांनीच विचारलं होतं, "मग गोळ्यांचा खर्च वाचेल ना?"