हंगामाआधी जाणकार माणूस मिळवताना : माझा अनुभव

देवगड तालुक्यात हापूसचा रस डबाबंद करणारा छोटा कारखाना चालवायचा, तर दोन माणसांवाचून हंगाम उभा राहत नाही. एक सीमर, म्हणजे डब्याला झाकण घट्ट बसवून बंद करणारं यंत्र, सांभाळणारा फिटर आणि दुसरा उत्पादनाचा सुपरवायझर. आंबे धुवायला, सोलायला गावातल्या बायका येतात आणि त्या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण भर मेमध्ये सीमर अडला की पिकलेल्या आंब्याच्या क्रेटी थांबत नाहीत, दुसऱ्या दिवशी माल हातचा जातो. म्हणून या दोन जागांचं काम मी गणपतीत हाती घेतो आणि फेब्रुवारीत संपवतो. मार्चमध्ये शोधायला निघालं, तर चांगली माणसं आधीच कुठेतरी लागलेली असतात.

सगळ्यात आधी एक कागद तयार करतो, एकच पान. त्यात कामाचं नाव नंतर येतं, अडचणी आधी. १५ एप्रिल ते १० जूनपर्यंत रविवारची सुट्टी नाही, ती पावसाळ्यात जोडून मिळते. जादा तासांना दुप्पट दर. राहायची खोली आहे, पण मेमध्ये पाणी एकाच वेळेला येतं. पावसाच्या तोंडावर वीज जाते, जनरेटर कारखान्याला आहे, खोलीला नाही. पगार दरमहा २६,०००. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला की १,८०० कापले जातात आणि व्यवसायकर २००, म्हणजे हातात २४,०००. फेब्रुवारीत व्यवसायकर ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात २३,९००. हा हिशोब शंभराच्या फरकासह लिहिलेला असावा. पहिल्या पगाराला आकडा कमी निघाला की माणसाचा विश्वास तिथेच उडतो, मग कितीही समजावा.

हा कागद हातात असला की बोलताना आवाजात आपोआप ठामपणा येतो. ज्याला स्वतःलाच पगार, सुट्टी, खोली यांचं नक्की माहीत नसतं, तो ‘बघू’, ‘करू काहीतरी’, ‘तुम्ही या तर खरं’ असं बोलू लागतो. कुशल माणसाने अशी वाक्यं चार ठिकाणी ऐकलेली असतात.

माणूस शोधायचा कुठे? फिटरसाठी आयटीआयच्या निदेशकांना प्रत्यक्ष जाऊन भेटावं. त्यांना दहा वर्षांपूर्वीची मुलंही आठवतात आणि कोण आज कुठे आहे हेही ठाऊक असतं. सुपरवायझरसाठी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि कुडाळजवळचं मुळद्याचं उद्यानविद्या महाविद्यालय. पण माझी खरी भिस्त चाकरमान्यांवर असते. तळोजा, अंबरनाथच्या कारखान्यांत पंधरा-वीस वर्षं मशीनवर काढलेली माणसं गणपतीला घरी येतात. त्यांतल्या काहींचे आईवडील थकलेले असतात आणि परत यायचा विचार घरात चाललेला असतो. गावाच्या मुंबई मंडळाच्या सचिवाला जुलैमध्येच फोन करून ठेवला, तर कुणाशी बोलावं हे तो नेमकं सांगतो.

वेळ मात्र सांभाळावी. चतुर्थीच्या दिवशी किंवा गौरीपूजनाच्या दिवशी कामाचा विषय काढू नये. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी जावं, आधी घरच्या मोठ्यांशी बोलावं. निर्णय एकट्याचा नसतो. बायको मुलांच्या शाळेचं विचारते, ते रास्त आहे. जवळची शाळा किती अंतरावर आणि एसटी किती वाजता, हे माहीत करूनच जावं. ‘इथे खर्च कमी आहे, कमी पगारात भागतं’ असं चुकूनही बोलू नये. त्याच्या हातातल्या कामाची किंमत गावावर ठरत नाही.

बोलताना विचारलं जातंच, ‘पगार येळार गावतलो मां?’, म्हणजे पगार वेळेवर मिळेल ना? यावर शपथा घेण्यापेक्षा मागच्या बारा महिन्यांचं पगारपत्रक पुढे ठेवावं, नावं झाकून, फक्त तारखा आणि रकमा दिसतील असं. एखाद्या महिन्यात चार दिवस उशीर झाला असेल, तर तो आपणच बोट ठेवून दाखवावा आणि कारण सांगावं. लपवलेली गोष्ट पहिल्या आठवड्यात कामगारांकडून कळतेच.

मुलाखत मी खुर्चीत बसून घेत नाही. एक दिवस कारखान्यात बोलावतो आणि त्या दिवसाची मजुरी व येण्याजाण्याचं भाडं देतो, निवड होवो न होवो. फिटरपुढे ८५० ग्रॅमचे तीन बंद डबे ठेवतो. दोन चांगले. तिसऱ्याच्या झाकणाची शिवण, म्हणजे झाकण आणि डब्याची कड एकत्र दुमडलेला जोड, एका जागी खाली उतरलेली, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. जाणकार डबा नुसता बघत नाही, तो अंगठा शिवणीवर ठेवून डबा फिरवतो आणि उभ्या जोडापाशी आला की अंगठा सावकाश करतो, कारण दोष तिथेच जास्त असतात. मग शिवणीचा आतला वरचा काठ नखाने तपासतो, धार लागते का ते. सीमरचा पहिला रोल, म्हणजे फिरता रूळ, झाकणाची कड वळवतो, दुसरा ती दाबून बसवतो. दोष कुठल्या रोलचा हे तो सांगू लागतो. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक प्रश्न : ‘डबा काठोकाठ भरता काय?’ शिवणीत रस अडकला तरी ती अशीच उतरते, आणि तेव्हा रोल कितीही आवळा, उपयोग नसतो. मशीनच्या पलीकडे बघणारा माणूस या प्रश्नावरून ओळखावा.

सुपरवायझरला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं उपकरण, आणि वाटीभर गरम रस देतो. गरम थेंब काचेवर टाकला तर ब्रिक्स, म्हणजे साखरेचा तो आकडा, खरा असतो त्याहून कमी दिसतो. काच धुऊन ओलीच ठेवली तरी तेच होतं. जो वाटी बाजूला ठेवून थांबतो, काच आधी कोरडी पुसतो आणि मग थेंब टाकतो, त्याच्या हाती नोंदवही द्यायला हरकत नाही. ‘माहीत नाही, शिकून घेईन’ असं सरळ म्हणणारा मला चालतो. अंदाजे आकडा ठोकून देणारा नाही. सुपरवायझरच्या एका खोट्या आकड्याने अख्खी बॅच परत येऊ शकते.

दुपारच्या जेवणाला त्याला कामगारांसोबत बसू द्यावं आणि आपण तिथून उठावं. त्याला जे विचारायचं असतं ते तो त्यांनाच विचारतो.

होकार असेल तर तीन दिवसांत नेमणूकपत्र द्यावं, त्यात सुरुवातीला केलेल्या त्या एका पानावरचाच मजकूर. नकार असेल तर तोही फोन करून, कारणासकट कळवावा. डबा ओळखता न आलेला मुलगा दोन वर्षांनी तयार होऊन येऊ शकतो. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मला अजिबात मान्य नाही. कागद बघावेत, झेरॉक्स घ्यावी, मूळ प्रत तिथल्या तिथे परत द्यावी.

सर्वांत जास्त माणसं सुटतात ती होकार आणि रुजू होणं यांच्या मधल्या काळात. जुन्या नोकरीत महिन्याची नोटीस द्यावी लागते, तिथे पगार वाढवून दिला जातो, घरात पुन्हा चर्चा होते. त्या काळात दर पंधरवड्याला एक फोन करतो, विनवणीसाठी नव्हे, कामाचं विचारायला : सीमरचे रोल बदलायचे का, चक (झाकण धरणारा सीमरचा भाग) कोणत्या मापाचा मागवू, बेअरिंग किती ठेवू. खोलीची किल्ली जानेवारीतच त्याच्या घरच्यांकडे पोचती करतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो रुजू झाला की सीमर पूर्ण उघडायला देतो आणि सुट्या भागांची यादी त्याच्याच हाताने लिहून घेतो. ऑर्डर त्याच दिवशी जाते.