फळ्यावरचा भोंडला

आठवीला संगीताचा तास शनिवारी शेवटचा असायचा, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष दप्तराकडे. अशाच एका शनिवारी बाईंनी फळ्यावर नुसते स्वर लिहिले. मध्ये मध्ये आडव्या रेघा, शब्द एकही नाही. "कोण वाचतंय?" वर्ग गप्प. मग पहिल्या बाकावरची एकजण हळूच गुणगुणायला लागली आणि दुसऱ्या ओळीला हशा पिकला. हत्तीभोवती फेर धरून आम्ही दरवर्षी म्हणायचो तेच गाणं होतं ते! बाई म्हणाल्या, "गळ्याला येतंय ना? आता डोळ्यांना ओळख करून द्या."

पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळाला स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे स्वर लिहिणं-वाचणं, शिकवायला घेतली तेव्हा मी नेमकं हेच विसरले. पहिल्याच दिवशी अलंकारांचे, म्हणजे स्वरांच्या सरावाच्या पलट्यांचे, कागद वाटले. तिसऱ्या आठवड्याला सतराजणींतल्या सहा उरल्या, त्यातल्या दोघी माझ्या जावा! मग अलंकार गुंडाळून जात्यावरची ओवी काढली. ओवीची चाल बहुधा चार-पाच स्वरांतच फिरते, आणि 'सा' कुठला याचा बाऊ नाही. पेटीवर सगळ्यांचा गळा बसेल ती पट्टी धरायची. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल (उतरलेला स्वर), खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), वर टिंब म्हणजे तार (वरचं सप्तक), एवढं दोन बैठकांत बसलं.

गडबड झाली ती एकीने वडिलांची जुनी वही आणल्यावर. वही पलुसकर पद्धतीची, म्हणजे स्वर लिहिण्याची वेगळीच रीत. (पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचा आश्रम नाशकातच होता, तेव्हा नवल नाही.) आम्ही शिकतो ती भातखंडे पद्धत; पलुसकरांकडे मात्र टिंब वर असलं की मंद्र, आणि तारसप्तकाला वर उभी रेघ. बिचारी खालचा पंचम (प) वर शोधत बसली, आवाज फुटेपर्यंत.

खरी मजा पुढे आली. मी लिहिलेली ओवी वाचून दिंडोरीकडच्या एक आजी म्हणाल्या, "आमच्यात तिथं गंधार लागत नाही, रिषभावरूनच खाली येतात." गंधार-रिषभ, म्हणजे ग आणि रे, हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच! सिन्नरचं माहेर असलेली ऐकेना. 'बरोबर कुठलं ते सांगा' म्हणून दोघी माझ्याकडे वळल्या. मी दोन्ही चाली एकाखाली एक लिहिल्या, मात्रेखाली मात्रा (तालाच्या ठोक्याखाली ठोका). फरक दीड मात्रेचा निघाला.

येत्या बुधवारी कळवणची चाल येणार आहे. कागदावर तिसरी ओळ मोकळी ठेवली आहे.