सावलीतल्या कड्यावर रूट तयार करताना

मराठवाड्यात क्लाइंबिंग म्हटलं की पहिला प्रश्न उन्हाचा. म्हणून कन्नडच्या पुढे, गौताळा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका मालकीच्या रानातला उत्तरेकडे तोंड असलेला कडा आम्ही रूट, म्हणजे चढाईची ठरवलेली वाट, तयार करायला धरला. आपण साधारण २० अंश अक्षांशावर, त्यामुळे हिवाळाभर सूर्य दक्षिणेकडूनच फिरतो आणि या भिंतीवर ऊन पडत नाही. डिसेंबरच्या सकाळी बोटं बधिर होतात, पण दगडावर पकड झकास मिळते.

रानमालकांची परवानगी आधी घेतली. मग दुर्बिणीतून भिंत न्याहाळली, कारण आपल्याकडच्या कड्यांवर खरी भीती आग्या मोहोळाची. डाव्या ओव्हरहँगखाली, म्हणजे बाहेर झुकलेल्या दगडाखाली, मोहोळ होतंच. तो भाग सोडला.

वरून दोर लावून हातोडी घेऊन इंचाइंचाने खाली उतरायचं, हे काम मला सगळ्यात आवडतं. रानमालकांचे चुलते उमेदीत विहिरी खोदायच्या कामावर होते. खाली उभं राहून ते नुसत्या आवाजावर सांगायचे, "ठण्ण वाजला तर पाषाण. बद्द वाजला की सोडून द्या, भाऊ." बेसॉल्ट सगळीकडे सारखा नसतो. भिंतीच्या मध्यावर मांजऱ्याचा पट्टा आहे, बारीक भोकांचा आणि ठिसूळ. तिथले हलणारे दगड कुणी खाली नसताना पाडले आणि तेवढ्या पट्ट्यात बोल्ट, म्हणजे दोर अडकवायला दगडात बसवायचा खिळा, टाळला.

ड्रिल लगेच काढायचं नाही. आधी वरून दोर लावून रूट चढून बघायची आणि दोर बोल्टला अडकवायला, म्हणजे क्लिप करायला, हात कुठे सुटा होतो तिथे खडूची खूण करायची. उंच माणसाला सोयीची जागा बुटक्याला पोहोचत नाही, म्हणून दोघांनीही चढून बघावं. दुसरा बोल्ट फार वर गेला तर क्लिप करताना सुटलेला माणूस थेट जमिनीवर येतो. माझ्या मते रूट लावणाऱ्याची जबाबदारी इथेच दिसते.

बोल्ट १२ मिलिमीटरचे, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, आणि हँगरही, म्हणजे बोल्टवरच्या भोकाच्या पट्ट्याही, त्याच धातूच्या. सावलीतली भिंत पावसाळ्यानंतरही बराच काळ ओलसर राहते. साधं लोखंड तिथे गंजतं, दोन वेगळे धातू एकत्र आले तर आणखी लवकर. भोक पाडल्यावर ब्रश फिरवायचा, पंपाने भुकटी फुंकायची, पुन्हा ब्रश. वरच्या अँकरला, म्हणजे रूटच्या शेवटी दोर टांगायच्या जागी, रेझिनने चिकटवायचे बोल्ट वापरले. थंडीत रेझिन धरायला जास्त वेळ लागतो, म्हणून त्या दिवशी त्यांच्यावर कुणालाही लटकू दिलं नाही. ड्रिलची बॅटरीही गारठ्यात लवकर मान टाकते. जादाची आम्ही जॅकेटच्या आत ठेवायचो.

उजवीकडची रूट आमच्या अंदाजाने अवघडपणाच्या फ्रेंच मापात ६ए, मधली त्याहून अवघड. ग्रेड पक्की करायला अजून चार जणांचे हात लागायला हवेत. मोहोळ उठून गेलं आणि झिरप थांबली, की डावीकडचा दगड ठोकून बघणार आहोत.