शेरूचे दात
आज माझ्या कुत्र्याने, शेरूने, पहिल्यांदाच मान न फिरवता मला ओठ उचलू दिला. फार बरं वाटलं! गंगापूर रोडला संध्याकाळचं फिरून आलो की हिरडीच्या कडेने बोटाने कुत्र्यांच्या दातांसाठीचं जेल लावायचं, मग अर्धा तास पाणी नाही, खाणं नाही, असं चाललंय. तो अर्धा तास वाटीकडे बघत बसतो, ते मला जड जातं.

तोंडाचा वास कमी झालाय. पण जुना, दगडासारखा टार्टर (दातांवर साचून कडक झालेला थर) नुसत्या जेलने जात नाही, तो डॉक्टरांकडून भूल देऊन स्केलिंग करूनच, म्हणजे खरवडूनच, काढावा लागतो. दातांवरचा मऊ थर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच कडक होतो. जेलचं खरं काम त्याआधीचं, म्हणून ते रोज लावायला हवं. कुत्र्याला 42 दात असतात, पण सगळ्यात जास्त थर वरच्या मोठ्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला साचतो, कारण लाळेची मोठी नळी तिथेच उघडते. त्यामुळे जबडा उघडायची झटापट लागत नाही.

एक कळकळीने सांगते, आपली टूथपेस्ट कुत्र्यांना लावू नका. तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर त्यांची रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतालाही इजा होऊ शकते. आणि टार्टर घरी खरवडू तर मुळीच नका.

शेरूचं वय झालंय, त्यामुळे आधी रक्ततपासणी, मग स्केलिंगचं ठरवू. नाशिकमध्ये कुणी वयस्क कुत्र्याचं करून घेतलं असेल तर अनुभव नक्की लिहा.